इमेजमधली फाइल काढायची: डॉकर सीपी की डॉकर सेव्ह?

डॉकर इमेज म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा तयार गठ्ठा. त्यातली एखादी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल हवी असेल तर मी सरळ पहिली वाट धरतो. डॉकर क्रिएटने कंटेनर (इमेजपासून बनणारी, चालवता येणारी प्रत) बनवायचा, सुरू करायचाच नाही, आणि डॉकर सीपीने फाइल बाहेर घ्यायची. इमेजमध्ये शेल (आत कमांड चालवायची सोय) नसला तरी चालतं. काम झाल्यावर कंटेनर तेवढा काढून टाका.

डॉकर सेव्हची गोष्ट वेगळी. ते इमेज एका टार फाइलमध्ये (अनेक फाइलींची एकत्र फाइल) भरून देतं, आणि त्यात प्रत्येक लेयर, म्हणजे इमेज बनताना एकावर एक चढलेला बदलांचा थर, सुटा मिळतो. त्यामुळे एका लेयरमध्ये आलेली आणि पुढच्या लेयरमध्ये डिलीट केलेली पासवर्डची फाइलही तिथे जशीच्या तशी सापडते. वरच्या लेयरमध्ये फक्त ती झाकणारी खूण असते. सीपीला ती दिसतच नाही! लेयर धुंडाळायला वेळ जातो, पण इमेज बाहेर देण्याआधी ही तपासणी मी कधीच टाळत नाही.