पालेभाजी वर्ज्य करावी, मापात ठेवावी, की गोळीच बदलावी?

रक्त गोठणे रोखणारे वॉरफरिन हे औषध सुरू झाले की घरात पहिली गदा येते ती पालेभाजीवर. ‘हिरवे काही खायचे नाही’ हा एकच नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि तो नेमका कोणी सांगितला हे काही महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. प्रत्यक्षात रुग्णापुढे तीन वाटा असतात: ‘के’ जीवनसत्त्व असलेले पदार्थ (पालेभाज्या त्यांत आघाडीवर) जवळजवळ बंद करणे, ते रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाणे, किंवा या जीवनसत्त्वाशी संबंध नसलेली नवी गोळी आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारणे.

तुलनेत शिरण्यापूर्वी हातातल्या गोळीचे नाव वाचावे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांनाही सर्रास रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हटले जाते. त्या प्लेटलेटांवर काम करतात आणि त्यांचा पालेभाजीशी काही संबंध नाही. हा प्रश्न फक्त वॉरफरिन, असिनोकुमारोल आणि त्यांच्या गटातल्या औषधांपुरता आहे. चुकीच्या गोळीसाठी वर्षानुवर्षे पालक सोडून बसलेली माणसे असतात, म्हणून हे आधी सांगितले.

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी २, ७, ९ आणि १० या क्रमांकांचे घटक यकृतात तयार होतात, पण ‘के’ जीवनसत्त्वाची मदत मिळाल्याशिवाय ते कामाचे ठरत नाहीत. या कामात जीवनसत्त्वाचे रूप बदलते आणि एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा वापरण्याजोगे करते. वॉरफरिन नेमके हे विकर अडवते. त्यामुळे गोळीची मात्रा एकटी कधीच ठरत नसते. रुग्णाच्या पोटात रोज किती ‘के’ जाते, ते गृहीत धरून ती आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्याच्या; आकडा जितका वर, तितके रक्त उशिरा गोठते) आधारे बसवलेली असते. बहुतेक रुग्णांत आयएनआर २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात, आणि हृदयात मायट्रलच्या (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी यांत्रिक झडप असेल तर त्याहून थोडा वर. (जीवनसत्त्वाच्या नावातला ‘के’ हा गोठणे या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे, ते शोधणाऱ्या हेन्रिक डाम यांना १९४३ चे नोबेल मिळाले.)

आता पहिली वाट. वर्ज्य करणे सोपे वाटते, कारण त्यात मोजमाप नसते. पण दोन माणसांचा हिशेब मांडून पाहू. एकाने सगळे हिरवे बंद केले आहे आणि त्याच्या आहारातून दिवसाला ४० मायक्रोग्रॅम ‘के’ जाते. दुसरा रोज थोडी पालेभाजी खातो आणि त्याचे प्रमाण २०० आहे. दोघांचाही आयएनआर आज अडीच आहे, कारण दोघांच्या गोळीची मात्रा आपापल्या आहाराला जुळवलेली आहे. एके दिवशी दोघेही अर्धा कप शिजवलेला पालक खातात. त्यात सुमारे ४४० मायक्रोग्रॅम ‘के’ असते. पहिल्याच्या आहारात त्या दिवशी ‘के’ नेहमीच्या बारापट झाले, दुसऱ्याच्या आहारात जेमतेम सव्वातीन पट. पदार्थ तोच, वाढही तेवढीच, पण धक्का कोणाला बसणार हे उघड आहे. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा फार मोठा नसतो, त्यामुळे कमी खाणाऱ्याला असा चढउतार झेलण्यासाठी हाताशी शिल्लकही नसते. आयएनआर विनाकारण वरखाली होणाऱ्या रुग्णांच्या आहारात ‘के’ कमी असल्याचे अभ्यासांत आढळले, ते या हिशेबाशी जुळते. शिवाय पूर्ण वर्ज्य करणे शक्यही नसते: चमचाभर सोयाबीन तेलातच पंचवीसएक मायक्रोग्रॅम असते, आणि तेल बदलले की प्रमाण नकळत बदलते.

माझे मत म्हणाल तर पहिल्या वाटेच्या बाजूने सांगण्यासारखे फारसे काही नाही. तरीही ज्याने वर्षभर पालेभाजी सोडलेली आहे आणि ज्याचा आयएनआर जागेवर आहे, त्याने हे वाचून उद्यापासून पालक सुरू करू नये. परत सुरू करायचे असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि तपासण्या जवळजवळ ठेवूनच करावे, कारण गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागेल.

दुसरी वाट म्हणजे सातत्याची. प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते, परंतु येथे नेमका आकडा गाठण्यापेक्षा दर आठवडा मागच्या आठवड्यासारखा असणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी प्रत्येक घास मोजावा लागत नाही. पालक, केल, कोलार्ड, पार्सली यांसारखी गडद हिरवी पाने सर्वांत वर असतात. अर्धा कप शिजवलेल्या ब्रोकोलीत सुमारे ११० मायक्रोग्रॅम असते. मटार, गाजर, फ्लॉवर, बटाटा, कांदा, टोमॅटो यांची चिंता करण्याचे कारण नाही. लक्ष ठेवायचे ते पहिल्या गटावर. त्यातही माप फसवे असते. कच्च्या पालकाची पाने कपभर भरली तर ती जेमतेम तीस ग्रॅम होतात आणि त्यात १४५ मायक्रोग्रॅमच्या आसपास ‘के’ असते. तीच पाने शिजून आक्रसतात, म्हणून अर्ध्याच कपात तिप्पट भरते. जो रुग्ण ‘रोज एक कप’ एवढेच लिहून ठेवतो, त्याने कच्चा की शिजवलेला हेही लिहावे. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे असल्याने तेलातुपासोबत खाल्लेले अधिक शोषले जाते.

एका गैरसमजाबद्दल थोडक्यात: ग्रीन टीच्या कोरड्या पानांत ‘के’ भरपूर असते, पण ते पाण्यात उतरत नाही, त्यामुळे साध्या उकळलेल्या चहाने फरक पडत नाही. उलट हाडांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या के-२ च्या, विशेषतः एमके-७ प्रकारच्या गोळ्या शरीरात दीर्घकाळ टिकतात आणि थोड्या मात्रेतही आयएनआर खाली आणू शकतात. मल्टिव्हिटॅमिन किंवा पोषक पावडर सुरू अथवा बंद करताना डब्यावरचा ‘के’चा आकडा त्यासाठीच वाचायचा.

या वाटेचा खरा कस आजारपणात लागतो. ताप, जुलाब, चार दिवस अन्नावरची वासना उडणे, त्यात अँटिबायोटिक: अशा वेळी आहारातून येणारे ‘के’ घटते आणि गोळी मात्र तीच राहते, म्हणून आयएनआर वर जातो. सात क्रमांकाचा घटक काही तासांत ओसरतो, पण दोन क्रमांकाच्या घटकाला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे आज दिसणारा आकडा गेल्या काही दिवसांचा असतो. वाढलेला आयएनआर घरच्या घरी पालक खाऊन उतरवण्याचा किंवा जास्त पालेभाजी खाल्ली म्हणून मनाने जादा गोळी घेण्याचा प्रयोग म्हणूनच घातक आहे. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, लघवी लाल होणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार लागणे यांत आहाराचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

सातत्य राखूनही आकडा अस्थिर राहत असेल, तर रोज थोड्या मात्रेत ‘के’ची गोळी देण्याचा विचार पुढे आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत रोजच्या १५० मायक्रोग्रॅममुळे स्थिरता सुधारली; तरीही अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ही गोळी सरसकट देऊ नये असेच सुचवले. तो पर्याय डॉक्टरांच्या हाती राहू द्यावा.

तिसरी वाट डाबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान, एपिक्साबान, एडॉक्साबान या गोळ्यांची. त्या गोठण्याच्या साखळीतील एकेका दुव्याला थेट अडवतात, ‘के’ जीवनसत्त्वाला हात लावत नाहीत. म्हणून पालेभाजी हवी तेवढी खाता येते आणि आयएनआरच्या फेऱ्याही संपतात. झडपेचा मोठा आजार नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित धडधडण्याच्या विकारात) त्यांच्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण वॉरफरिनपेक्षा कमी आढळले आहे, हे त्यांच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण. पालकाचे स्वातंत्र्य त्यामानाने किरकोळ. मात्र यांत्रिक झडप बसवलेल्यांसाठी ही वाट बंद आहे, आणि संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांमध्येही वॉरफरिनच सरस ठरले आहे. मूत्रपिंडाचे काम पाहून मात्रा ठरवावी लागते. रिव्हरॉक्साबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या अन्नासोबतच घ्याव्या लागतात. या औषधांचा असर साधारण एका दिवसात ओसरतो, त्यामुळे गोळ्या विसरणाऱ्याला त्या वॉरफरिनपेक्षा कमी माफ करतात. आणखी एक गोष्ट: २०२३ च्या एका डच चाचणीत पंचाहत्तरीपुढच्या अशक्त रुग्णांना जुन्या गोळीवरून नव्या गोळीवर नेल्यावर रक्तस्राव कमी न होता वाढला. जुन्या गोळीवर ज्यांचे व्यवस्थित चालले आहे, त्यांनी केवळ आहाराच्या सोयीसाठी बदल मागू नये असे मला वाटते. सातत्य ठेवूनही ज्यांचा आकडा सतत भरकटतो, त्यांनी तो अवश्य विचारावा.

बदल ठरलाच, तर वॉरफरिन थांबवून आयएनआर उतरण्याची वाट पाहावी लागते. एपिक्साबान किंवा डाबिगाट्रानसाठी तो २ च्या खाली यावा लागतो. त्या मधल्या दिवसांतही पालेभाजीचे प्रमाण नेहमीचेच ठेवावे, कारण नवी गोळी कोणत्या दिवशी सुरू करायची हे त्या आकड्यावर ठरते.