बोअरच्या पाण्याला सिरॅमिक स्पिंडल चालतं का? लातूरचा अनुभव

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्या लातुरात. तेव्हापासून ठिबकणारी तोटी घरात कुणालाच बघवत नाही. सासूबाई तर खाली कळशी लावल्याशिवाय झोपायच्या नाहीत. सकाळपर्यंत तीन-चार लिटर पाणी जमायचं.

स्वयंपाकघरातल्या या तोटीला आजवर रबरी वायसरच टाकत आलो. स्वस्तातलं काम, पण टिकत नाही. वायसर ज्या कडेवर टेकतो तिथं बोअरच्या पाण्याचा क्षार चढतो, कड खडबडीत होते आणि रबर कातरतं. मग जो तो तोटी जोरानं आवळतो, त्यानं रबर आणखीच चेपतं.

या खेपेला गंजगोलाईच्या बाजारातून अर्ध्या इंची तोटीचं पितळी सिरॅमिक स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी चालू-बंद करणारा भाग, आणलं, 180 रुपयांना. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. भोकासमोर भोक आलं की पाणी सुटतं, चकती फिरली की बंद. आवळायचं कामच नाही. सासूबाईंची बोटं संधिवातानं आखडलेली आहेत, पण आता पाव फेऱ्यात त्यांची त्या तोटी बंद करतात. माझ्यासाठी पैसे इथंच वसूल झाले.

बसवायला प्लंबर लागला नाही. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, मूठ काढली, पान्यानं जुनं स्पिंडल सोडवलं. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: नव्या स्पिंडलच्या बुडाची रबरी रिंगसुद्धा त्याच जुन्या कडेवर टेकते. तिथला क्षार व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून काढा, नाहीतर नवं स्पिंडलही गळणार. आणि बसवण्याआधी कॉक थोडा उघडून पाइपातली रेती बादलीत जाऊ द्या. रेतीच्या कणानं चकतीवर ओरखडा उठला की तिचा उपयोग संपला.

ठिबकणं पूर्ण थांबलंय, पाण्याची धारही पहिल्यासारखीच आहे. पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाकिटासाठी. त्यावर ना आट्यांचं माप, ना लांबी, ना मुठीच्या दात्यांची संख्या. आणि हे प्रत्येक तोटीत बसत नाही. बुडाची रिंगही सुटी मिळत नाही, दुकानदार पूर्ण स्पिंडलच घ्या म्हणतात. जुनं स्पिंडल आणि मूठ पिशवीत टाकून न्या, दुकानातच जुळवून बघा आणि मगच पैसे द्या.