जीपचे मागचे दिवे: गोल बल्बवाले की सीलबंद एलईडी?

जुनी जीप पडवीत उघडून घरीच पुन्हा बांधायची म्हटलं की चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि आरसी मूळची राहते, बॉडीचा पत्रा आणि वायरिंग नवं होतं. मागच्या दिव्यांपाशी मात्र माणूस अडतो. मीही अडलो होतो. गुहागरला घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. आधी गोल बल्बवाले दिवे लावले, ते तीन पावसाळे चालवले. मग सीलबंद एलईडी बसवले, त्यांनाही आता दोन पावसाळे झाले.

जीपला शोभतो तो गोल दिवाच. पत्र्याची वाटी, लाल काच, आणि खाली नंबरप्लेटवर उजेड पाडणारी पांढरी पट्टी. २१/५ वॅटचा बल्ब (ब्रेकला २१, रात्री सतत जळणाऱ्या टेल दिव्याला ५) शृंगारतळीच्या बाजारात सहज मिळतो आणि रस्त्यातही दोन मिनिटांत बदलता येतो. एलईडीचं तसं नाही. गेला तर अख्खा दिवाच बदलावा लागतो, आणि जोडीचा तसाच मिळेल याची खात्री नसते.

माझा निर्णय मात्र अर्थिंगने, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेने केला. एकदा धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत उभा होतो. मागच्या टेम्पोवाल्याने मुद्दाम उतरून सांगितलं, "दादा, तुम्ही ब्रेक मारला की डावा इंडिकेटर मिणमिणतो. थांबताय की वळताय, कळत नाही." गोल दिव्याचं अर्थिंग बसतं त्याच्या स्क्रूतून बॉडीच्या पत्र्यात. खाऱ्या हवेने तिथे गंज धरला की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो त्याच वाटीतल्या इंडिकेटरच्या बल्बातून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमधून अर्थ गाठतो. ब्रेकचा दिवा मंद पडतो आणि भलताच दिवा पेटतो. घाटात, पावसात, मागे भरलेला ट्रक असताना हे चालणार नाही.

मी दोन्ही दिव्यांना थेट चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली. एक पावसाळा छान गेला. पुढच्या श्रावणात होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवी पूड धरली. कानस मारली, ग्रीस लावलं, तरी महिन्याभरात तेच. दर वेळी दिवा उघडायचा म्हणजे गंजलेले स्क्रू आणि काचेखालचं फुगलेलं रबर आलंच. बल्ब बदलणं सोपं आहे हे खरं, पण मला बल्ब बदलावा लागतच नव्हता, होल्डरच घासावा लागत होता.

सीलबंद एलईडीत होल्डरच नाही. वायरी दिव्यातूनच ओतीव निघतात. मी त्यांचे सांधे बॉडीच्या आत, सीटखाली कोरड्या जागी घेतले. दोन वर्षांत एकदाही हात लावावा लागलेला नाही. शिवाय एलईडी क्षणात पेटतो. बल्बची तार तापायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, आणि ताशी ६० किलोमीटरला तेवढ्यात गाडी तीन मीटर पुढे गेलेली असते.

तयारी मात्र थोडी जास्त करावी लागते. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बल्बच्या लोडवर चालतो, त्यामुळे एलईडीला तो भरभर लुकलुकवतो किंवा लुकलुकवतच नाही. नियमाने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. बल्बइतका लोड दाखवायला रेझिस्टर लावण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, रेझिस्टर फार तापतात. नंबरप्लेटसाठी पांढरा दिवा वेगळा लावावा लागतो. बऱ्याच एलईडी दिव्यांत लाल रिफ्लेक्टर नसतो, आणि मागे दोन लाल रिफ्लेक्टर असणं सक्तीचं आहे. इंडिकेटर पिवळाच हवा.

स्वस्त एलईडीत आणखी एक खोट असते: टेल आणि ब्रेक यांच्या उजेडात फरकच कळत नाही. दुकानात बॅटरीला जोडून, बाहेर उन्हात दहा पावलं मागे जाऊन पाहा. काचेवरचा मान्यतेचा छापही पाहा. गोलातला 'ई' आणि आकडा असेल, तर शेजारी टेलसाठी 'आर', ब्रेकसाठी 'एस१', मागच्या इंडिकेटरसाठी '२ए' असं कोरलेलं असतं. कोरी काच असेल तर मी घेत नाही.

तुमची गाडी बंद गॅरेजमध्ये, खाडीपासून लांब राहत असेल तर गोल दिव्यांना नाव ठेवायला मला जागा नाही. माझे जुने दिवे मी घासूनपुसून कराडच्या मावसभावाला दिले. तोही जीप बांधतोय, आणि तिथल्या कोरड्या हवेत ते बिनतक्रार चाललेत.