'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्याने माझे ९३,६८४ रुपये नेले

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनीने चार महिने अर्धा पगार दिला. क्रेडिट कार्ड थकलं. वसुलीवाले सासऱ्यांना फोन करायला लागले, तेव्हा १,६३,००० चं येणं ७२,००० मध्ये सेटल केलं, उरलेलं बँकेने सोडून दिलं. सुटलो असं वाटलं. 'सेटल्ड' हा शेरा सिबिल रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर, राहतो आणि होम लोनच्या वेळी आडवा येतो, हे वसुलीवाल्याने सांगितलं नाही, बँकेनेही नाही.

यंदा चिखलीत वन बीएचके बघितला, ५१,००० टोकन दिलं. दोन बँकांनी फाईल परत केली. सिबिल स्कोअर ६११. बिल्डरचा रोज फोन. त्यात हा एजंट भेटला, ओळखीतूनच. "दादा, सेटल्ड काढून टाकतो, बावीस लाखांचं लोन करून देतो." मी काही अडाणी नाही, पंधरा वर्षं चाकणला नोकरी करतोय. पण घरासाठी बायकोने मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडायची तयारी केली होती. अशा वेळी "होईल" म्हणणारा एकच माणूस भेटला की त्याचंच ऐकावंसं वाटतं.

फाईल चार्ज ५,९००. सिबिल दुरुस्ती १७,७००. लोन इन्शुरन्स ३१,२००. मग व्हॉट्सअॅपवर सँक्शन लेटर आलं, ८.७५ टक्के, हप्ता १९,४४२, आणि "दोन हप्ते अॅडव्हान्स" म्हणून ३८,८८४ मागितले.

तिथेच थांबायला हवं होतं. सेकंड शिफ्ट सुटली होती, कँटीनच्या बाकावर बसून पैसे पाठवत होतो. स्क्रीनवर बँकेचं नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईचं नाव होतं. पिनचे चार आकडे टाकले आणि अंगठा थांबला. त्याला फोन केला, तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत, दादा." मी उरलेले दोन आकडे टाकले. अजून रात्री तो स्क्रीन डोळ्यांपुढे येतो. कर्ज हातात यायच्या आधी हप्ता कोणती बँक घेते? जीएसटी लावून घेतला आणि पावतीवर जीएसटी नंबरच नाही, तेही मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ठाण्यातून कागद आणा. तीन रजा गेल्या. एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला! म्हणून चोर चोर राहत नाही का? माझी बँक म्हणते, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं, तर तिथे बँका आणि वित्तसंस्थांच्या तक्रारी घेतात, असला एजंट त्यात बसतच नाही. मग हा माणूस नक्की कोणाच्या हद्दीत येतो?

त्याला सही केलेले तीन कोरे चेक दिले होते. ते लगेच स्टॉप पेमेंट केले, तुम्हीही आधी तेच करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. सिबिल रिपोर्ट उघडून एन्क्वायरी बघा, म्हणजे तुमच्या नावावर कर्जासाठी कोणी कोणी चौकशी केली त्या नोंदी. माझ्या पॅनवर पाच लोन अॅपवाल्यांच्या निघाल्या आणि स्कोअर आणखी पडला.

आणि हे आधी कळायला हवं होतं: ज्या बँकेने 'सेटल्ड' टाकलं तिच्याशिवाय तो शेरा कोणी बदलू शकत नाही. बँकेने सोडलेली रक्कम भरायची, नो ड्यूज (काही येणं बाकी नाही असं) सर्टिफिकेट घ्यायचं, मग बँक 'क्लोज्ड' कळवते. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रारीलाही पैसे लागत नाहीत, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई असते. पण माझी नोंद चुकीची नव्हतीच. तो साफ काय करणार होता?

बँकेत जाऊन विचारलं. माझी सोडलेली रक्कम ९१,००० आहे. एजंटला दिले त्यापेक्षा २,६८४ कमी. महिना सहा हजारांनी भरायला घेतलेत. टोकन बिल्डर परत देत नाही म्हणतोय.