पहिला फोटो: समुद्र की पडवी?

गुहागरचं घर पाहुण्यांसाठी ॲपवर टाकायचं, तर पहिला फोटो कुठला, यावर आमच्यात आठवडाभर वाद. धाकट्याला ड्रोनने टिपलेला किनारा हवा. दिसतो झकास, पण तसलाच किनारा शेजारच्या दहा घरांनीही लावलाय. शिवाय पाहुण्याला वाटतं घर वाळूतच आहे, मग बारा मिनिटं चालावं लागलं की वैतागतो. माझं मत पडवीला. सारवलेलं अंगण, झोपाळा, दोरीवर वाळणारे पंचे, सकाळी आठचं तिरपं ऊन. समुद्र दुसरा चालेल, खाली अंतर लिहून. मजकुरातही ‘निसर्गरम्य’पेक्षा ‘चिपळूण स्टेशनापासून साधारण ४५ किमी, कमोड आहे, पावसात वीज जाते पण इन्व्हर्टर आहे’ हे कामाचं. पंचे मात्र धाकट्याने काढायला लावले.