जावाची धर्म-संस्कृती स्टडी टूर: जागा एक नंबर, शेड्यूल मात्र डोक्याला ताप

इंडोनेशियात, मध्य जावामध्ये एक ग्रुप स्टडी टूर केली. विषय असा की वेगवेगळ्या धर्मांची माणसं तिथल्या मूळ संस्कृतीशी कसं जमवून घेतात. कंपनीचं नाव देत नाहीये, पण कोणाबरोबरही जाणार असाल तरी बुकिंगच्या आधी हे वाचून घ्या.

आधी चांगलं सांगते. जागा ज्याने कोणी निवडल्यात त्याला मानलं. बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू देवळं तर सगळेच दाखवतात, हे लोक कुदुस नावाच्या गावाला नेतात. तिथल्या मशिदीची मीनार चक्क लाल विटांची आहे आणि लांबून जुनं हिंदू देऊळच वाटतं, वर छप्पर, छपराखाली मोठा ढोल, भिंतीत निळ्या चित्रांच्या चिनीमातीच्या ताटल्या बसवलेल्या. मशीद 1549 ची. जावात इस्लाम रुजवणारे नऊ वली, म्हणजे संत, मानतात त्यातले एक सुनान कुदुस, त्यांनी हिंदूंचं मन दुखू नये म्हणून गाय कापू नका असं सांगितलं अशी कथा सांगतात, आणि कथा आहे म्हणून सोडून द्यावं तर गावात आजही सोतो नावाचा रस्सा म्हशीच्या मांसाचा मिळतो! मशिदीच्या मागे त्यांची कबर आहे, तिथे बसेस भरभरून लोक येतात, या नऊ वलींच्या कबरींची यात्राच करतात ते. विटांच्या बुटक्या दारांमधून वाकून वाकून आत जायचं, मग एकदम गर्दी, सगळे मांडी घालून मोठ्याने पठण करतायत, बायका एकीकडे, पोरं मांडीवर झोपलेली, एक काकू पठण करता करता डब्यातलं काहीतरी शेजारणीला देत होत्या. हे बघायला मिळालं यासाठी मी टूरला फुल मार्क देईन. पण आम्हाला तिथे दिला किती वेळ, तर बसमध्ये परत बसायच्या घाईसकट एक तास. आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाटिकच्या शोरूममध्ये आरामात दोन तास. शोरूमवाल्याचं कमिशन असणार, दुसरं काय.

गांजुरानला तर खरंच चिडचिड झाली. योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेला, बांतुलमध्ये, हे कॅथलिक चर्च आहे. साखर कारखाना चालवणाऱ्या श्मुत्झर नावाच्या डच भावांनी 1924 मध्ये बांधलं, पुढे 1927 मध्ये आवारात देवळाच्या शिखराचं एक छोटं दगडी मंदिर उभं केलं आणि गाभाऱ्यात येशू बसवला तो जावाच्या राजाच्या वेशात. 2006 च्या भूकंपात चर्च पडलं, तर परत बांधताना युरोपियन धाटणी सोडून जावानीज घरासारखं उतरत्या छपराचं, खांबांचं आणि बाजूंनी मोकळं बांधलं. इथे रविवारी जावानीज भाषेत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना होते, गामेलानच्या (जावाच्या पारंपरिक घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाच्या) साथीने. आता मला सांगा, इथे माणसाला कधी आणावं? आम्हाला आणलं मंगळवारी दुपारी. आवारात चिटपाखरू नाही, गामेलान झाकून ठेवलेलं, गाइड म्हणाला इमॅजिन करा. इमॅजिन घरी बसून पण करता आलं असतं ना!

नशीब म्हणजे मंदिराजवळच्या नळावर एक आजोबा कॅन भरत होते, ते पाणी लोक श्रद्धेने घरी नेतात. आम्ही दोघीतिघी गाइडला ओढत घेऊन त्यांच्याकडे गेलो. तुम्हाला हा राजाच्या वेशातला येशू परका नाही का वाटत असं विचारलं तर आजोबा हसलेच, म्हणाले लहानपणापासून हाच बघतोय, परका तर तो दुसरा, गोरा. दहा मिनिटांच्या त्या गप्पांमध्ये जे कळलं ते हॉटेलच्या हॉलमधल्या प्रेझेंटेशनमध्ये नाही कळलं.

प्रेझेंटेशनवरून आठवलं. लेक्चर देणारे सर चांगले बोलायचे, तयारी होती, पण सगळंच गोड गोड, हार्मनी हार्मनी. इंडोनेशियात 2006 चा सरकारी नियम आहे, नवीन प्रार्थनास्थळ बांधायचं तर ते वापरणाऱ्या 90 जणांची नावं आणि आसपासच्या 60 रहिवाशांचा पाठिंबा लागतो, आणि यात अल्पसंख्याकांची चर्चेस अडकतात हे उघड आहे. हे कोणीच काढलं नाही. मी विचारलं तर सर म्हणाले टाइम कमी आहे. अहो पैसे देऊन शिकायला आलोय, फक्त छान छान ऐकायला नाही, आणि ज्यांनी चर्च बांधायला वर्षानुवर्षं हेलपाटे घातले अशा एखाद्या माणसाला भेटवलं असतं तर गांजुरानचं महत्त्व उलट जास्त कळलं असतं.

जाणारच असाल तर तारखा नीट बघा. योग्यकर्तामध्ये पैगंबर जयंतीच्या आधीच्या आठवड्यात सकातेन नावाचा उत्सव असतो, राजवाड्यातले गामेलानचे दोन जुने संच मोठ्या मशिदीच्या आवारात आणून वाजवतात, मशिदीच्या अंगणात वाद्यं! चांद्र कॅलेंडरमुळे हा दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नका. कुदुसला 10 मोहर्रमला कबरीवरचं कापड बदलतात आणि सागाच्या पानात बांधलेला भात वाटतात, ते साधता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि गांजुरानला रविवारी मिस्साच्या वेळीच नेणार हे लेखी मागून घ्या, तोंडी हो म्हणतात.

बाकी हॉटेलं स्वच्छ, बस बरी, व्हिसाचे 5 लाख रुपिया पॅकेजमध्ये नाहीत ते वेगळे धरा (आकडा ऐकून घाबरू नका, रुपिया आहे). मशिदींमध्ये आणि कबरीपाशी डोकं झाकायला ओढणी, पूर्ण हात-पाय झाकणारे कपडे लागतात हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, आमच्यातल्या दोघींना दारात भाड्याची लुंगी शोधावी लागली.

पाचपैकी तीन देते, तेही कुदुसमुळे. शोरूम काढून टाका आणि तो वेळ कबरीपाशी द्या असा मेल केलाय, त्यावर पुढच्या टूरचं दहा टक्के डिस्काउंट कूपन आलंय.