अक्रोडाचं लाकूड, तांब्याचे पाइप: हाताने घडवलेला पीसी रोज वापरताना

मॉडेड, म्हणजे हौसेने वेगळा घडवून सजवलेल्या पीसीचे पहिल्या दिवशीचे फोटो ढीगभर सापडतात. रोज त्यावर काम केलं की काय होतं, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा अनुभव. माझं मशीन एका मॉडरकडून ऑर्डर देऊन घडवून घेतलंय. पुढे अक्रोडाच्या लाकडी पट्ट्यांचं पॅनेल, बाजूला टेम्पर्ड ग्लास, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वॉटर-कूलिंग लूपवर, म्हणजे पाइपांतून पाणी फिरवून दोन्ही थंड ठेवणाऱ्या बंद चक्रावर. दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री रेंडर (एडिट केलेल्यातून अंतिम व्हिडिओ तयार करणं) असा माझा वापर.

आधी पाइपांबद्दल, कारण माझा जीव त्यांच्यातच अडकलाय. अ‍ॅक्रिलिकची नळी आत सिलिकॉनची दोरी घालून हीट गनने मऊ करतात आणि मग वळवतात. इथे पाइप तांब्याचे आहेत. ते थंडच, बेंडरवर वळवावे लागतात आणि वळण जरा हुकलं की तुकडा वाया. रिझर्व्हॉयरकडून (पाण्याच्या टाकीकडून) कार्डाकडे जाणारे दोन पाइप शेजारी शेजारी वळतात, आणि त्यांच्यातलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसूभरही बदलत नाही. कापलेली कड नीट घासून गुळगुळीत केली नाही तर फिटिंगमधली ओ-रिंग (रबरी कडी) चिरते आणि गळती सुरू होते. आजवर एक थेंब बाहेर आलेला नाही. तांब्यावर लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) नको, असं आम्ही ठरवूनच केलं होतं. सुरुवातीला झगझगीत असलेलं तांबं आता तपकिरीकडे झुकलंय, बोटं लागली तिथे जरा जास्तच. मला हाच रंग आवडतो. कायम चकचकीत हवं असेल तर लॅकर आधीच मागून घ्या.

लाकडातली कारागिरी मात्र पॅनेल काढल्यावरच दिसते. हवेतल्या ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, घट्ट आवळलं तर तडकतं. म्हणून मागची स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली आहेत, लाकडाला सरकायला जागा मिळावी म्हणून. दमट आणि कोरडे, दोन्ही दिवस या पॅनेलने पाहिले, चीर कुठेही नाही. तक्रार आहे ती पट्ट्यांमधल्या फटींची. त्या अरुंद आहेत, हवा अडते. लांबलचक रेंडर चालू असताना पॅनेल काढून ठेवलं की कूलंटचं (लूपमधल्या पाण्याचं) तापमान ४-५ अंशांनी उतरतं.

आता दिवे. संगणक बघण्यासारखा असावा ही हौस जुनीच. १९८७ च्या कनेक्शन मशीन सीएम-२ या महासंगणकाचा काळा घन आणि त्यावर लुकलुकणारे लाल दिवे आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. तमिको थील यांच्या त्या डिझाइनमधले दिवे आतल्या प्रोसेसरांची हालचाल दाखवायचे. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नुसतं फिरत राहणारं आरजीबी (रंग बदलणाऱ्या दिव्यांचं) इंद्रधनुष्य आठवड्याभरात डोळ्यांना नकोसं होतं. माझ्या मशीनमध्ये एकच पट्टी आहे आणि ती कूलंटच्या सेन्सरला जोडलीय: एरवी पांढरी, पाणी तापायला लागलं की अंबर. रेंडर किती जोरात चाललंय हे मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. ती सजावट आहे असं आता जाणवतच नाही.

देखभालीचं थोडक्यात. कूलंट पारदर्शकच भरा. दुधाळ, पेस्टल रंगाच्या कूलंटमधले कण कालांतराने वॉटर ब्लॉकच्या (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक पात्यांमध्ये साचतात. लूपमध्ये तांबं असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा रॅडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) नको, दोन धातूंमुळे आत गंज धरतो. ड्रेन व्हॉल्व्ह सगळ्यात खाली आणि मागच्या बाजूला आहे, त्यामुळे पाणी बदलताना एकही पाइप सोडवावा लागत नाही.

खरी अडचण अपग्रेडची. वॉटर ब्लॉक ठरावीक कार्डासाठीच बनलेला असतो. कार्ड बदललं की ब्लॉक बदलतो, पोर्टची जागा सरकते आणि ते सुंदर समांतर पाइप निकामी होतात. दर नव्या पिढीचं कार्ड घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मला हे मशीन बरीच वर्षं वापरायचंय. पट्ट्यांमधली फट थोडी रुंद करून नवं पॅनेल बनवायला मी मॉडरला सांगितलंय, लाकूड तेच, अक्रोडाचं.